अन्नपूर्णेचं वजन

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. ते पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्याच वर्षी शारजातल्या अल मजाजमधल्या कुंदाच्या इमारतीची लिफ्ट एकदाची सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे गोपीनाथांनी, एका अमेरिकन माणसाचं चाकांवरचं घर विकत घेतलं. लिफ्टचं कौतुक आठवडाभर टिकलं. चाकांवरच्या घराने मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

हा अमेरिकन कुठल्याशा तेल कंपनीत दगडमाती तपासायला होता. थंडी पडली की तो हे घर आपल्या पिकअपला जोडून वाळवंटात जायचा आणि खुर्ची टाकून बसायचा. त्याची नोकरी संपली आणि त्याने पिकअपसकट सगळं गोपीनाथांच्या गळ्यात घातलं. ट्रेलर चांगला लांबलचक होता. त्याचा पुढचा भाग बदकाने मान वर करून बसावं तसा उंच उचललेला. तो उचललेला भाग पिकअपच्या मागच्या हौद्यावर यायचा. हौद्यात एक जाडजूड लोखंडी ताट बसवलेलं होतं आणि ट्रेलरच्या मानेखालून एक खुंटा खाली आलेला होता. पिकअप मागे घेतली की खुंटा ताटातल्या खाचेत खट्‌कन बसायचा आणि ट्रेलर जोडला जायचा. अमेरिकन त्या सगळ्या प्रकाराला फिफ्थ व्हील म्हणायचा.

"पाचवं चाक कुठंय?" थोरल्या जाऊबाई, विद्युल्लतावहिनी, ट्रेलरला प्रदक्षिणा घालून आल्या. "मला तर चारच दिसतायत. फसवलं तुम्हाला त्या गोऱ्याने."

"अगं, ते ताट म्हणजेच पाचवं चाक," गोपीनाथ म्हणाले.

"ताटाला चाक म्हणायचं? मग चाकाला काय वाटी म्हणतात?"

गोपीनाथ वेंगुर्ल्याहून चौऱ्याहत्तर साली इकडे आलेले. आधी पाण्याचे टँकर चालवले, मग खडीचे ट्रेलर, अगदी मस्कतपर्यंत. पुढे शारजात रोलाच्या मागच्या गल्लीत त्यांनी लहानसं उपाहारगृह काढलं, धाकट्या भावाला, प्रल्हादला, एका काँट्रॅक्टिंग कंपनीत चिकटवलं आणि प्रल्हादची बायको कुंदा हिच्या हाताला चव आहे हे कळल्यावर तिला जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लावलं. उपाहारगृहाचे मालक झाले तरी कुणी "काय करता?" विचारलं की ते "ड्रायव्हर" असंच सांगायचे. कुंदाला गाडी शिकवली ती त्यांनीच. ती परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होत होती, तेव्हा ते म्हणाले होते, "कुंदा, स्टिअरिंग हातात धरायचं असतं. तू त्याचा गळा धरतेस. सोड बिचाऱ्याला, श्वास घेऊ दे." पुढच्या खेपेला ती पास झाली. तेव्हापासून तिच्या लेखी भावोजी म्हणजे रस्त्यावरचा शेवटचा शब्द.

ट्रेलर घेतला तो हिवाळ्यातल्या सहलींसाठी. त्या काळी थंडी सुरू झाली की दुबई-शारजाची मराठी मंडळी दर शुक्रवारी धैदच्या बाजूला बागांमध्ये सहलीला जात. पिठलं-भाकरी, मसालेभात, भरली वांगी. आणि जेवण शारजाहून डब्यांत भरून न्यायचं म्हटलं की भाकरीचं चामडं व्हायचं. चाकांवरचं स्वयंपाकघर असलं तर भाकरी तव्यावरून थेट ताटात. कल्पना कुंदाची, हिंमत गोपीनाथांची. आतली गादी-कपाटं निघाली, गॅसच्या शेगड्या बसल्या, मागच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी आणि फ्रीज आले, बलदियाची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, परवानगी आली. पुढच्या उंच भागात अमेरिकनाचा पलंग होता, तोही काढला. तिथे काय ठेवायचं हा प्रश्न वहिनींनी कुणी विचारायच्या आतच सोडवला.

"तिथे देव."

"ट्रेलरमध्ये देव?" प्रल्हाद म्हणाला.

"जिथे चूल तिथे देव. आणि सगळ्यांत उंच जागा तीच आहे. देव काय कांद्याच्या पोत्याखाली ठेवणार?"

झालं. त्या उंच भागात वहिनींनी स्वतःच्या माहेरची पितळी अन्नपूर्णा ठेवली, गणपतीची तसबीर ठेवली, लाल कापड अंथरलं, आणि नियम घातला की त्या जागेत दुसरी कुठलीही वस्तू ठेवायची नाही. पोती, तेलाचे डबे, पातेली, सगळं मागे. ते सोयीचंही होतं, कारण दार मागे होतं. दार उघडलं की हात घातला आणि काढलं.

पहिल्या सहलीच्या शुक्रवारी गोपीनाथ आणि वहिनी पिकअपमध्ये पुढे, आणि कुंदा, प्रल्हाद आणि त्यांची लेक अंतरा मागून कोरोलामध्ये. सकाळची स्वच्छ हवा, रस्ता मोकळा. शहर मागे पडलं, गोपीनाथांनी जरा वेग धरला, आणि कुंदाला समोर काहीतरी विचित्र दिसलं.

"अहो, ट्रेलर हलतोय का?"

"वाऱ्याने असेल," प्रल्हाद म्हणाला.

"वारा कुठंय? ते झाड बघा, पान हलत नाहीये."

"मम्मी, इट्स वॅगिंग इट्स टेल," मागून अंतरा म्हणाली.

आणि खरंच, ट्रेलरची शेपूट डावीकडे जायची, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जरा जास्त. शेजारून जाणाऱ्या टॅक्सीने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.  गोपीनाथांनी ब्रेक मारला नाही. पाय नुसता हलका केला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि ट्रेलर दोनचार वेळा शेपूट झटकून हळूहळू शांत झाला. मग त्यांनी गाडी वाळूच्या कडेला घेतली.

ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला होता. वहिनी मात्र संतापलेल्या.

"अहो, गाडी चालवताय की पाळणा हलवताय?"

ट्रेलरच्या आत आमटीचं पातेलं आडवं झालं होतं. धैदला पोचल्यावर मंडळींनी "आज आमटी लाजतेय वाटतं, पुढे यायला तयार नाही," असे विनोद केले, कुंदा हसली, गोपीनाथ हसले नाहीत. येताना ट्रेलर पुष्कळच शहाण्यासारखा आला, पण जाताना जे झालं ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रेलर इंडस्ट्रियल एरियात कमरुद्दीनच्या गॅरेजात गेला. कमरुद्दीनचा स्वतःवर फार विश्वास. त्याने चाकांना लाथा मारून पाहिल्या, हवा तपासली, खुंटा आणि खाच तपासली, ताटावरचं ग्रीस बोटाला लावून वासही घेतला.

"भाईसाब, गाडी में कुछ नहीं है," तो प्रल्हादला बाजूला घेऊन म्हणाला. "खुंटा टाइट है, टायर नये हैं. बुरा मत मानना, उस्ताद के हाथ देखो. चाय का गिलास पकड़ते हैं तो चाय नाचती है."

हे त्याने हळू सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गोपीनाथ चार पावलांवर उभे होते.

आता हात थरथरायचा हे खोटं नव्हतं. साखरेचा आजार निघाल्यापासून चहाचा कप उचलताना त्यांची बोटं हलायची, आणि ते कप बशीत ठेवताना किण्‌किण् व्हायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. त्या दिवसापासून गोपीनाथ स्वतःच आपल्या हाताकडे बघायला लागले. जेवताना बघायचे, पेपर धरताना बघायचे, आणि उगाच मूठ मिटायचे.

त्या आठवड्यात प्रल्हादने अंगावर घेऊन उपाय केले. आधी त्याचं म्हणणं पडलं की वजन जास्त झालंय, तर पाण्याची टाकी अर्धीच भरू. अर्धी भरली. पुढच्या शुक्रवारी टाकीतलं पाणी या कडेहून त्या कडेला असं काही आपटलं की ट्रेलर आधीपेक्षा जास्त नाचला, आणि शिऱ्याच्या पातेल्याचं झाकण उडून साजूक तुपातला शिरा थेट फ्रीजच्या अंगावर गेला. सहलीत कुणीतरी "यल्ला, चला, आज शिरा भिंतीवरून खरवडून खायचा," म्हणालं.

संध्याकाळी घरी परतल्यावर गोपीनाथांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"पुढच्या शुक्रवारची ऑर्डर घेतलीय ती पार पाडू. त्यानंतर ट्रेलर विकून टाका. आणि मी विचार करतोय, वेंगुर्ल्याला जावं. खलास. इथे जो माणूस गाडी हाकू शकत नाही, त्याने इथे करायचं काय? गल्ल्यावर बसून माश्या मारायच्या?"

"दादा, आपण ड्रायव्हर ठेवू ना," प्रल्हाद म्हणाला. त्याने चांगल्या हेतूने म्हटलं, पण गोपीनाथांनी मान खाली घातली, आणि वहिनी, ज्या कधीच गप्प बसत नसत, त्या चक्क उठून स्वयंपाकघरात गेल्या.

कुंदाला रडू यायला हवं होतं, त्याऐवजी तिला राग आला. हाताचा दोष असता तर येतानासुद्धा ट्रेलर नाचला असता. तेच हात, तोच रस्ता, नुसतं तोंड उलट्या बाजूला. शिवाय कमरुद्दीनच्या गॅरेजातून रिकामा ट्रेलर आणला तेव्हा तो सरळ आला होता, बाण सोडावा तसा. ती स्वतः मागे होती.

"भावोजी, रिकामा असताना का नाही हलला?"

"शहरातला रस्ता होता, वेग कमी होता," ते म्हणाले. माणसाने एकदा स्वतःला दोषी ठरवलं की तो स्वतःच्या विरुद्ध वकिलीही चांगली करतो.

उत्तर मिळालं ते दोन दिवसांनी, अल मजाजच्या तळ्याकाठच्या फुटपाथवर. शेजारची शहनाझ, मूळची खेडची, तिचं बाळ ढकलगाडीत घालून कुंदाबरोबर बाजाराला निघाली होती. परतताना शहनाझने बाळाचं नाक पुसायला रुमाल काढला म्हणून गाडी कुंदाने धरली. हातातल्या पिशव्यांचं ओझं झालं होतं, तेव्हा तिने बटाट्याची पिशवी आणि टरबुजाची पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली आणि ढकलायला लागली. गाडी सरळ जाईना. पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकायची आणि डावी-उजवी, डावी-उजवी नाचायची. बाळाला मजा वाटली, ते खिदळायला लागलं.

"अगो, तां काय करतंस?" शहनाझ ओरडली. "टरबूज मागे अडकवू नको! बाळाच्या पायाशी ठेव. पुढची चाकं हलकी झाली की ही गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

तिने टरबूज काढून बाळाच्या पायाशी ठेवलं. गाडी लगेच गरीब गायीसारखी सरळ चालायला लागली.

कुंदा मात्र फुटपाथवर उभीच राहिली.

"काय झालं?" शहनाझने विचारलं.

"शहनाझ, आमचं टरबूज मागे आहे."

"कुठचं टरबूज?"

"सगळं. तांदूळ, तेल, पाणी, फ्रीज, सगळं मागे आहे. आणि पुढे एकटी अन्नपूर्णा."

शहनाझला काही कळलं नाही, पण कुंदाने तिच्या गालाचा मुका घेतला आणि बटाट्याची पिशवी तिथेच विसरून ती घराकडे पळाली.

मात्र नुसतं सुचणं पुरेसं नव्हतं. भावोजींना पटेल असं काहीतरी डोळ्यांनी दाखवायला हवं होतं. बुधवारी दुपारी ट्रेलर सहलीच्या सामानाने भरून उपाहारगृहामागच्या मोकळ्या जागेत उभा होता. कुंदा सर्वांसमोर पिकअपच्या मागे जाऊन जमिनीवर उकिडवी बसली आणि जमिनीपासून बंपरपर्यंत वितीने मोजायला लागली.

"अगं, काय रांगोळी काढतेयस?" वहिनींनी विचारलं.

"भावोजी, आता खुंटा खाचेत बसवा."

गोपीनाथांनी पिकअप मागे घेतली. खट्. मग ट्रेलरचे टेकूचे पुढचे पाय वर उचलले, म्हणजे ट्रेलरच्या मानेचा भार पिकअपवर आला, निदान यायला हवा होता. कुंदाने पुन्हा वीत लावली.

"बघा. तेवढंच. बंपर एक बोटभरही खाली बसला नाही. एवढा मोठा ट्रेलर मानेवर घेतला आणि पिकअपला कळलंसुद्धा नाही."

गोपीनाथ खाली वाकले. त्यांनी स्वतः वीत लावली. मग मागे गेले, ट्रेलरच्या शेपटीकडे पाहिलं, ती जमिनीकडे झुकलेली होती. मग पुन्हा पुढे आले. कुंदाने कित्येक वर्षं खडीचे ट्रेलर चालवलेला माणूस जागा होताना पाहिला.

"खडी भरताना आम्ही पुढून भरायचो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पुढून. नेहमी. शेपूट जड झाली की तीच गाडी चालवते, ड्रायव्हर नुसता बघत बसतो. मला माहीत होतं हे. हे मला माहीत होतं, कुंदा! पण ते स्वयंपाकघर आहे, स्वयंपाकघर म्हणूनच बघत होतो त्याच्याकडे. ट्रेलर म्हणून बघितलंच नाही."

"आणि येताना?" प्रल्हादने विचारलं.

"येताना तांदूळ लोकांच्या पोटात आणि पाणी बागेत," कुंदा म्हणाली. "मागचं वजन गेलेलं असतं."

आता खरा कठीण भाग आला. वजन पुढे न्यायचं म्हणजे त्या उंच जागेत न्यायचं. म्हणजे देवांजवळ. सगळ्यांनी एकदम वहिनींकडे पाहिलं.

"बघू नका माझ्याकडे असं," त्या म्हणाल्या. "देवाशेजारी पोती? कांद्याची? लसणाची? आणि परवा ज्या पोत्यावर तो आपला कामाचा पोऱ्या चढला होता पाय देऊन, ते? अजिबात नाही."

"मग देव मागे ठेवू," प्रल्हाद म्हणाला.

"फ्रीजशेजारी? ज्यात तुमचे बांगडे असतात?"

"वहिनी, मग काय करायचं, देवांचंच वजन वाढवायचं का? पंचधातूची मोठी मूर्ती मागवू, बायरोड?"

"प्रल्हाद भावोजी, देवावर विनोद नको."

"अगं, पण तुझ्या देवांपायी माझे हात बदनाम झाले!" गोपीनाथ एकदम म्हणाले, आणि मग स्वतःच दचकले, कारण इतक्या वर्षांत ते बायकोशी त्या आवाजात बोलले नव्हते.

वहिनींचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार एवढ्यात कुंदा ट्रेलरमध्ये चढली, त्या उंच जागेजवळ गेली आणि अन्नपूर्णेसमोर हात जोडून उभी राहिली. मग वळली.

"वहिनी, एक विचारू? अन्नपूर्णा घरात कशात बसवतात?"

"म्हणजे?"

"लग्नात माहेरून देतात तेव्हा. नुसती पाटावर?"

"नुसती कशी? तांदळात बसवतात. वाटीत तांदूळ घालून त्यात." वहिनींना बोलता बोलता कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई."

"तिला आपण रिकाम्या कापडावर बसवलंय. दोन महिने. अन्नपूर्णा, आणि आजूबाजूला तांदळाचा दाणा नाही."

"मग नाराज होणार नाही तर काय होईल!" वहिनी एकदम ताठ झाल्या. आता हे त्यांचं स्वतःचं म्हणणं झालं होतं. "अहो, उभे काय राहिलात सगळे? तांदळाची पोती आणा पुढे. बासमतीची सगळी. तांदूळ, साखर, गूळ, गव्हाचं पीठ, नारळ. हे सगळं चालतं देवाला. तुपाचे डबेसुद्धा. पितळी पातेलीही धुऊन आणा. कांदा-लसूण आणि बांगडे मागेच राहतील, सांगून ठेवते. आणि प्रत्येकाने पाय धुऊन चढायचं."

प्रत्येकाने पाय धुतले. प्रल्हाद आणि उपाहारगृहातला स्वयंपाकी सदानंद यांनी पोती खांद्यावरून पुढे नेली, वहिनी बाजूला उभ्या राहून प्रत्येक पोत्याला हळद-कुंकवाचं बोट लावत होत्या आणि कुठलं पोतं कुणावर ठेवायचं ते सांगत होत्या, कारण भिंतीला लागून नीट रचून दोरीने बांधलं नाही तर देवीच्या अंगावर पडेल अशी त्यांना काळजी. टाकी गोपीनाथांनी रिकामी केली. पाणी धैदच्या बागेतच भरायचं, तिथे विहीर आहे, असं त्यांनी ठरवलं. शेवटी सगळ्यांत वर, तांदळाच्या पोत्यांच्या मधोमध, अन्नपूर्णा बसली. इतकी भरभक्कम अन्नपूर्णा त्या देशात दुसरी नसेल.

कुंदाने खाली जाऊन पुन्हा वीत लावली. बंपर चार बोटं खाली बसला होता.

"इन्शाल्ला," प्रल्हाद म्हणाला.

शुक्रवारी सकाळी किल्ली टेबलावर पडलेली होती. गोपीनाथ तिच्याकडे बघत उभे होते. पुरावा मिळाला होता, चार बोटांचा, पण मनातली भीती काही वितीने मोजून कमी होत नाही.

"प्रल्हाद, तू चालव आज," ते म्हणाले.

"दादा, माझ्या हातून कोरोला पार्क होत नाही सरळ."

"मग मीच चालवते," कुंदा म्हणाली आणि किल्ली उचलली. "तसं भावोजींनी शिकवलंयच मला. पण सांगून ठेवते, मी अजून स्टिअरिंगचा गळाच धरते."

गोपीनाथ तिच्याकडे पाहून हसले. त्या दोन आठवड्यांतलं ते पहिलं हसू. त्यांनी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"बिचाऱ्याला मारशील," ते म्हणाले.

या वेळी कुंदा कोरोलात बसली नाही. ती पिकअपमध्ये, वहिनी आणि गोपीनाथ यांच्यामध्ये बसली. वहिनी दाराला टेकून जप करत होत्या. शहर संपलं. मोकळा रस्ता आला, ती पहिली जागा आली, जिथे आमटी सांडली होती. गोपीनाथांनी पाय दाबला. काटा वर सरकत गेला. कुंदा आरशात बघत होती. ट्रेलर मागून येत होता, सरळ, आज्ञाधारक, जसा काही कधी नाचलाच नव्हता. मागून प्रल्हादने दिव्यांची उघडझाप केली, आणि आरशात दिसलं की खिडकीतून अंतराचा हात बाहेर आलाय आणि अंगठा वर आहे.

"वहिनी, थर्मासमधला चहा द्या भावोजींना," कुंदा म्हणाली.

वहिनींनी कप भरला. गोपीनाथांनी डाव्या हाताने कप घेतला. बोटं थरथरली. कपातला चहा नाचला, दोन थेंब त्यांच्या पँटवर पडले. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग स्टिअरिंगवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात जिथे होता तिथेच होता, अगदी सैल आणि शांत. आरशात ट्रेलर रेघेसारखा.

"चहा नाचतो," ते म्हणाले. "रस्ता नाही नाचत."

"चहा मीच पाजत जाईन आता," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."

त्या दिवशीची आमटी पातेल्यातच राहिली आणि पुरून उरली.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगायला हवं.

गोपीनाथ वेंगुर्ल्याला गेले नाहीत. त्यांनी आणखी सात हिवाळे तो ट्रेलर चालवला आणि एका शुक्रवारी, कुणीही काही न म्हणता, आपण होऊन किल्ली कुंदाच्या हातात दिली. "आज मला मागून बघायचंय कसा चालतो," म्हणाले. त्यानंतर ते कोरोलातच बसायचे, आणि मागून "इंडिकेटर दे, इंडिकेटर," असं ओरडायचे, जे कुंदाला ऐकू येत नसे. शेवटी ते गावी गेले ते स्वतःच्या मर्जीने, आणि तिथेही त्यांनी बैलगाडीवाल्याला वजन कुठे ठेवायचं ते शिकवलं.

विद्युल्लतावहिनींनी ती गोष्ट जन्मभर एकाच तऱ्हेने सांगितली. देवी नाराज होती, तांदूळ दिले, ती शांत झाली. कुंदाने कधी दुरुस्ती केली नाही. दोघींचं निदान एकच होतं, शब्द वेगळे होते.

कमरुद्दीनने पुढे अजमानला टायरचं दुकान काढलं. तिथे कुणीही ट्रेलर घेऊन आला की तो छाती पुढे काढून म्हणायचा, "पहले वज़न देखो, फिर हाथ देखो." हे निदान आपणच केलं असं त्याला मनापासून वाटायचं.

शहनाझ खेडला बंगला बांधून परत गेली. तिचं बाळ, जे त्या दिवशी खिदळत होतं, आज दुबईत मोठी ट्रक कंपनी सांभाळतं. बटाट्याची पिशवी तिने परत केली नव्हती, आणि कुंदाने मागितली नाही.

सदानंदने रोलाचं उपाहारगृह चालवायला घेतलं. प्रल्हाद निवृत्त झाला, आणि त्याला अजून गाडी सरळ पार्क करता येत नाही.

ट्रेलर बलदियाचे नियम बदलल्यावर रस्त्यावर चालेनासा झाला. तो धैदच्या एका बागेत खजुराच्या झाडाखाली उभा राहिला, राखणदाराची खोली म्हणून. चाकं वाळूत रुतली, मान अजून वर. त्या उंच जागेत राखणदार झोपतो, बदकाच्या डोक्यात झोपावं तसा.

अंतरा शारजातच मोठी झाली, शिकली, लग्न केलं, आणि रोज दुबईच्या रस्त्यावर जॅममध्ये अडकून ऑफिसला जाते. पितळी अन्नपूर्णा वहिनींनी गावी जाताना तिला दिली. कुंदा तिच्याकडे गेली की आधी देवघरात डोकावते. गेल्या खेपेला अन्नपूर्णा चकचकीत, पण खाली नुसता टिश्यू पेपर.

"अंतरा, तांदूळ कुठंयत?"

"मम्मी, शी इज फाइन. शी इज नॉट ड्रायव्हिंग एनीव्हेअर."

 कुंदाने स्वयंपाकघरात जाऊन मूठभर तांदूळ आणले, वाटीत घातले आणि अन्नपूर्णेला त्यात नीट, जरा दाबून बसवलं.